डोंगरीची डांगरी

सुप्याला पुणे-नगर रस्त्याच्या कडेला एमआयडीसीतल्या कामगारांच्या कपड्यांचं दुकान आहे. दारात सेफ्टी शूजची खोकी, चमकत्या पट्ट्यांची जाकिटं आणि वरच्या दांडीला ओळीने टांगलेल्या निळ्या डांगऱ्या. खांद्यापासून घोट्यापर्यंत एकच कपडा. इंग्रजी नाव आहे का हे, म्हणून विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "मग! आपल्याकडं कुठं होतं असलं काही?"

होतं की. नाव तर आपल्या मुंबईचंच. डोंगरीच्या किल्ल्याजवळच्या बाजारात जाडंभरडं सुती कापड मिळायचं. उभ्या-आडव्या विणीत दोन-दोन सुतं एकत्र घातलेलं, अंगाला टोचणारं, पण पटकन न फाटणारं. सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांनी ते गावाच्या नावासकट उचललं. त्यातलं बरं ते गरिबाच्या अंगावर गेलं, राठ ते गलबताच्या शिडाला आणि तंबूला. पुढे कापड बदललं, नाव तेवढं कपड्याला चिकटून राहिलं. 'डंगरी' होऊन ते साहेबाबरोबर जग फिरलं आणि 'डांगरी' होऊन परत आलं. सुप्याहून नगरला गेलात तर आर्मर्ड कोर सेंटरच्या परिसरात काळ्या डांगरीतला रणगाड्यावरचा जवान दिसेल.

मला गंमत वाटते ती साहेबाच्या शिकारीच्या सामानाची. 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. मग छावणी वसली आणि माळावरचं काळवीट बंदुकीच्या टप्प्यात आलं. शिकारीला निघालेल्या अशा एखाद्या साहेबाची ट्रंक उघडली, तर डांगरीसारखेच आपल्याकडून गेलेले शब्द भेटतील. वर खाकी. खाक म्हणजे धूळ, शब्द फारसी. 1846 मध्ये हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने पेशावरला 'गाइड्स' नावाची फौजी तुकडी उभारली. पांढरा गणवेश मैलभरावरून दिसतो, म्हणून तिने मातीचा रंग धरला. जनावरापासून लपायलाही तोच रंग कामाला आला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बाभळीचे काटे अडवणारी ती पट्टी, तिचं इंग्रजीत 'पटी' झालं. डोक्यावर शोल्याच्या भेंडाची हॅट. शोला ही दलदलीतली वनस्पती, पण उन्हासाठीच आहे म्हटल्यावर साहेबाने तिला बिनदिक्कत 'सोलर' करून टाकलं. आणि ओझं भरायला गोणी. इंग्रजीतली 'गनी बॅग' ती हीच.

त्याच माळावर फासेपारध्याचंही बिऱ्हाड असायचं. त्याच्याकडे ट्रंक नव्हती. तात आणि केसांचे फास, खुंट्या, आणि वाघूर म्हणजे जाळं, जे संस्कृतात 'वागुरा' होतं. त्याचं सगळ्यात मोलाचं सामान मात्र चार पायांवर चालायचं. शिकवलेली गाय किंवा बैल पुढे चरत जायचा आणि त्याच्या आडोशाने पारधी तित्तराच्या थव्याजवळ सरकायचा. जनावराच्या अंगाचा वास, चरण्याची लय, सगळं माळाचंच. लम्सडेनला मातीचा रंग सुचण्याच्या किती आधीपासून हे चाललं असेल! आणि साहेबाला काळवीट दाखवायला पुढे कोण जायचं? ज्याला माळ पाठ होता, तोच. त्याच पारध्यांना पुढे सरकारने गुन्हेगार जमातींच्या यादीत घातलं. तो शिक्का पुसायला 1952 चा ऑगस्ट उजाडावा लागला. साहेबाची हॅट मात्र वस्तुसंग्रहालयात पोचली.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची ट्रंक बंद केली. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी 1980 मध्ये अभयारण्य झालं. आता तिथं खाकी दिसते ती वनरक्षकाच्या अंगावर.

इकडे सुप्यात दुपारी कुठल्याशा कंत्राटदाराचा पोरगा आला. सहा डांगऱ्या, दोन मोठ्या मापाच्या. दुकानदाराने एकेक काढून खांदा ताणून शिलाई पाहिली, घड्या घातल्या.

"कशात देऊ?"

"गोणीत टाका, गाडीवर बांधायचंय."

प्लास्टिकच्या गोणीत सहाही कोंबून त्याने सुतळीने तोंड आवळलं.