परत आलेली कुबडी

एखाद्या रोगाचा इतिहास लिहितांना शेवटचा रोगी जेथें आढळतो, तेथें बहुधा लेखणी थांबते. भारतांतील बालपक्षाघाताची, म्हणजे पोलिओची, ही तारीख १३ जानेवारी २०११ होय. त्या दिवशीं हावडा जिल्ह्यांतील दीड वर्षाच्या एका मुलीला लुळेपण आलें. २०१४ च्या मार्चमध्यें भारताला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. पण ज्यांना हा रोग पूर्वीं होऊन गेला, त्यांचा इतिहास तेथें संपत नाहीं.

पोलिओचा विषाणु तोंडावाटे पोटांत शिरतो. बहुतेकांना त्याची चाहूलहि लागत नाहीं. सुमारें २०० जणांत एखाद्याच्या मज्जारज्जूपर्यंत तो पोंचतो आणि स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या पेशी मारतो. त्या पेशींच्या ताब्यांतील स्नायुतंतु पोरके होतात. मग एक नवल घडतें. वांचलेल्या पेशी नवे फांटे फोडून त्या पोरक्यांना आपल्या पदरांत घेतात. लुळा पाय पुढें थोडाबहुत हलूं लागतो, तो त्यांच्याच बळावर.

परंतु एका कमावत्यानें चार घरें पोसावींत, तसा हा भार असतो. कित्येकदा तीस-चाळीस वर्षांनीं ते फांटे गळूं लागतात, असें शास्त्रज्ञ मानतात. थकवा, वेदना आणि नवी अशक्तता यांनीं जुनें दुखणें पुन्हा डोकें वर काढतें. १८७५ सालींच पॅरिसमध्यें रेमों या वैद्यानें असा एक रोगी नोंदला होता. कातडीं कमावणाऱ्या त्या १९ वर्षांच्या तरुणाला तान्हेपणीं पोलिओ झाला होता, आणि आतां त्याचा चांगला हातहि क्षीण होत होता. ही नोंद जवळजवळ विस्मरणांत गेली. शंभर वर्षांनीं अमेरिकेंतील जुने रोगी हीच तक्रार घेऊन आले, तेव्हां कित्येकांना ‘हे मनाचे खेळ’ असें उत्तर मिळालें. १९८४ सालीं वॉर्म स्प्रिंग्ज येथें संशोधक एकत्र जमले, तेव्हांपासून ‘पोलिओ-पश्चात विकारा’चा अभ्यास नेटानें सुरू झाला.

या मंडळींना लहानपणीं एकच मंत्र मिळाला होता: कष्ट करा, कुबडी टाका. आज वैद्यक सांगतें, श्रम मोजून करा, विसावा घ्या. मेलेल्या पेशी परत आणणारें औषध नाहीं. १९८० च्या दशकांत आपल्याकडे ज्या मुलांना पोलिओ झाला, तीं आज चाळिशीच्या घरांत आहेत. विसाव्या वर्षीं टाकलेली कुबडी त्यांपैकीं कोणी पुन्हा हातीं घेतली, तर ‘आळस’ म्हणण्यापूर्वीं तिच्यामागचा हा इतिहास आपण आठवावा.