चेंबर्स ब्रदर्स
चेंबर्स ब्रदर्स : अमेरिकेतील चार सख्ख्या भावांचा सोल आणि सायकेडेलिक रॉक संगीताचा बँड. जॉर्ज (१९३१–२०१९), विली (जन्म १९३८), लेस्टर (जन्म १९४०) आणि जो (१९४२–२०२४) हे ते भाऊ. ‘टाइम हॅज कम टुडे’ या अकरा मिनिटांच्या गाण्यामुळे त्यांचे नाव जगभर झाले. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायन आणि गोऱ्या तरुणांचा रॉक एकाच मंचावर आणणाऱ्या पहिल्या काही बँडांत त्यांची गणना होते.

मिसिसिपी राज्यातील कार्थेजजवळ दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात हे भाऊ वाढले. गाणे शिकले ते गावच्या बॅप्टिस्ट चर्चमधील समूहगायनात. शाहिराने ओळ उचलावी आणि झीलकऱ्यांनी ती झेलावी, तसे त्या गायनाचे स्वरूप असे. पुढे विजेची गिटार हाती आली तरी ही उचल-झेल त्यांच्या गाण्यातून कधी गेली नाही. त्यांचे खरे बळ वाद्यांपेक्षा या चार आवाजांच्या मेळात होते, हे त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत स्वच्छ ऐकू येते.

थोरला जॉर्ज सैन्यातून १९५२ साली मोकळा झाल्यावर लॉस अँजेलिसला स्थायिक झाला आणि धाकटे त्याच्यामागे गेले. १९५४ पासून चौघे दक्षिण कॅलिफोर्नियात गॉस्पेल आणि लोकगीते गाऊ लागले. विली व जो गिटार, तर लेस्टर हार्मोनिका वाजवी. कपडे धुण्याचा पत्र्याचा टब उपडा घालून त्याला काठी व दोरी लावायची आणि ती दोरी छेडून खर्ज काढायचा, ही जॉर्जची तेव्हाची बास. खरी बास गिटार नंतर आली. नाव व्हायला मात्र दहा वर्षे लागली. ‘ॲश ग्रोव्ह’ या लॉस अँजेलिसमधील लोकसंगीताच्या क्लबात त्यांना श्रोते मिळाले. गायिका बार्बरा डेन हिच्याबरोबर ते कार्यक्रम करू लागले आणि १९६५ साली न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात गायले. बॉब डिलनने विजेची गिटार हाती घेऊन खळबळ उडवली, तो हाच महोत्सव. याच सुमारास ब्रायन कीनन हा गोरा ड्रमवादक त्यांना मिळाला. वंशभेदाने पोखरलेल्या त्या काळात मिश्रवर्णी बँड मंचावर दिसणे हीच मोठी गोष्ट होती.

‘टाइम हॅज कम टुडे’ हे जो आणि विली यांनी रचलेले गाणे १९६६ साली प्रथम छोट्या रूपात निघाले, पण चालले नाही. पुढच्या वर्षी निर्माता डेव्हिड रूबिन्सन याच्यासोबत ते अकरा मिनिटांचे करून पुन्हा ध्वनिमुद्रित झाले आणि कोलंबिया कंपनीच्या ‘द टाइम हॅज कम’ या अल्बममध्ये आले. गाण्याची सारी करामत काळाच्या चालीत आहे. काउबेल या धातूच्या घंटेवर घड्याळासारखी टिकटिक सुरू होते. मध्येच ती मंदावते, जवळजवळ थांबते. प्रतिध्वनीत हरवलेले आवाज, किंकाळ्या आणि हास्य यांच्या गर्दीतून पुन्हा वेग घेते. गिटारवर मध्येच एका नाताळगीताची धूनही डोकावते. १९६८ साली व्हिएतनाम युद्ध पेटलेले होते आणि एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्या वर्षी रेडिओसाठी कापलेली आवृत्ती बिलबोर्डच्या यादीत ११व्या, तर अल्बम ४थ्या क्रमांकावर पोहोचला. छोट्या आवृत्तीत गाण्याचा जीव उरत नाही. वाचकाने पूर्ण अकरा मिनिटांचेच ऐकावे.

१९६९ च्या हार्लेम सांस्कृतिक महोत्सवातील त्यांचे गायन ‘समर ऑफ सोल’ (२०२१) या ऑस्करविजेत्या माहितीपटात पाहता येते. ‘लव्ह, पीस अँड हॅपिनेस’ (१९६९) या दुहेरी अल्बमचा अर्धा भाग न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये श्रोत्यांसमोर मुद्रित केलेला आहे. नंतरच्या अल्बमना तसे यश लाभले नाही. १९७२ मध्ये बँड फुटला, १९७४ मध्ये ‘अनबॉंडेड’साठी पुन्हा जमला, पण पूर्वीची उंची गाठली नाही.

या संगीताची लाट भारतातही पोहोचली होती. मुंबईत सिमला बीट स्पर्धेतून १९७० व १९७१ मध्ये तरुण रॉक बँड पुढे आले. लोणावळ्यापलीकडे मळवली येथे १९७१ साली ‘स्नेहयात्रा’ हा खुल्या माळावरचा रॉक महोत्सव झाला.

‘टाइम हॅज कम टुडे’ हॅल ॲशबीच्या ‘कमिंग होम’ (१९७८) या व्हिएतनाम युद्धावरील चित्रपटात आणि त्यानंतरही अनेक चित्रपटांत वापरले गेले. भावांच्या हाती मात्र त्या मानाने फारच थोडे आले. १९६७ ते १९९४ या काळात आपल्याला रॉयल्टीचा एक पैसाही मिळाला नाही, असे लेस्टरने २०१२ साली जाहीरपणे सांगितले. कृष्णवर्णीय कलावंतांच्या त्या पिढीवर झालेला हा अन्याय चेंबर्स ब्रदर्सच्या कीर्तीइतकाच नोंदवण्याजोगा आहे. कीनन १९८५ मध्ये वारला. लेस्टर पुढे मुलगा डिलन याच्यासह ‘मूनॲलिस’ या बँडमध्ये गाऊ लागला, आणि तेथेही हे गाणे मंचावर होत राहिले.