मूळव्याध आणि शस्त्र

ज्या व्याधीचें नांव चारचौघांत उच्चारण्यास मनुष्य लाजतो, तिचा इतिहास आज सांगावयाचा आहे. आमच्या शाहूवाडीकडील डोंगराळ मुलखांत मूळव्याधीचा रोगी घरच्यांसही न सांगतां वर्षानुवर्षें रक्त गमावतो, आणि अखेर गांठतो तो एखाद्या फिरस्त्या वैदूस. तें रक्त आंतड्याच्या कर्करोगाचेंही असूं शकेल, हें दोघांच्याही गांवीं नसतें.

सुश्रुतानें चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायांत यावर चार उपाय सांगितले आहेत : औषध, क्षार, अग्नि आणि शस्त्र. रोग नवा व सौम्य असेल तर औषध. मोड मऊ, पसरलेले व खोल असतील तर क्षार. कठीण व रुंद असतील तर डाग. आणि बारीक देंठाचे, वर आलेले असतील तेवढ्यांवरच शस्त्र.

कर्माचें वर्णन तर डोळ्यांपुढें घडत असल्यासारखें आहे. निरभ्र दिवस निवडावा. रोग्यास हलकें, उष्ण, पातळ अन्न द्यावें. त्यास फळीवर उताणें निजवून वरचें अंग सेवकाच्या मांडीवर ठेवावें, आणि उजेड पडावा म्हणून गुदभाग सूर्याकडे करावा! मग गायीच्या सडाच्या आकाराचें, चार अंगुळें लांब यंत्र आंत सारावें. त्यास छिद्रें दोन. एक पाहण्यास, दुसरें क्षार अथवा अग्नि लावण्यास. क्षार लावून शंभर मोजावे. मोड पिकल्या जांभळासारखा दिसला कीं आंबट द्रवानें धुवून ज्येष्ठमध व तूप लावावें. दुसऱ्या मोडास हात लावावयाचा तो सात दिवसांनीं.

आघाडा व पळस यांच्या राखेपासून असा क्षार काढतात. दोन्ही आमच्या रानांत उदंड. परंतु अल्पबुद्धीच्या हातीं क्षार हा विष, अग्नि व वज्र यांसारखाच मारक होतो, असें सुश्रुतच बजावतो. ‘पूर्वजांना सर्व ठाऊक होतें’ म्हणणाऱ्यांस हें वाक्य मात्र आठवत नाहीं.

अकराव्या शतकांत बंगालच्या चक्रपाणिदत्तानें निवडुंगाचा चीक व हळद यांनीं भावित केलेला दोरा बांधून मोड छेदण्याची रीत दिली. पुढें ग्रंथ राहिले, हात गेले. जादवजी त्रिकमजी आचार्यांनीं १९१५ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून सुश्रुतसंहिता प्रसिद्ध केली. आणि त्या दोऱ्याचें, विशेषतः भगंदरासाठीं, पुनरुज्जीवन केलें तें काशी हिंदु विश्वविद्यालयांतील डॉ. देशपांडे यांनीं, १९६० नंतर.

तिकडे लंडनमध्यें १८३५ सालीं फ्रेडरिक सामन यानें केवळ गुदरोगांसाठीं सात खाटांचा दवाखाना काढला. तेव्हां भूल नव्हती. त्याच रुग्णालयांत मिलिगन व मॉर्गन यांनीं १९३७ सालीं मोड कापून जखम उघडी ठेवण्याची पद्धति प्रसिद्ध केली. १९६३ सालीं अमेरिकेंत बॅरन यानें रबरी कडें वापरलें. तें मोडाच्या मुळाशीं आंवळतात व साधारण आठवड्यानें मोडासह गळून पडतें. चक्रदत्ताच्या दोऱ्याचेंच हें भावंड! मात्र मोड कायमचा बाहेर राहून बोटानेंही आंत जात नसेल, तर आजही बहुधा शस्त्रच चालवावें लागतें.