पात्यावरचे नाव आणि मुठीतली लाख

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत खंडेनवमीला जुनी हत्यारे माळ्यावरून, पेटीतून, देव्हाऱ्यामागून बाहेर निघतात. तलवार असते, कट्यार असते, कुठे खंजीर, कुठे बिचवा. हळद-कुंकू वाहून झाले की घरातल्या एखाद्या जाणत्याचे लक्ष पात्यावरच्या अक्षरांकडे जाते आणि दसरा सरल्यावर तो माणूस उर्दू शाळेचा पत्ता विचारत येतो. "सर, ह्यावर काय लिवलंय तेवढं बघा की." मोडी वाचणारे आपल्याकडे अजून सापडतात, फारसी अक्षरे वाचायला मात्र उर्दूचा मास्तर गाठायचा, असा रिवाज पडून गेला आहे. बी.एड.ला तलवारीचा पेपर नसतो. तरी गेल्या दहा-बारा वर्षांत इतकी पाती नजरेखालून गेली, की लिहिलेले काय आहे यापेक्षा ते खरे आहे का, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटू लागला.

सर्वांत जास्त वेळा जे नाव समोर येते ते म्हणजे असदुल्लाह इस्फहानी. पात्याच्या वरच्या भागात, मुठीपासून चार बोटांवर, सोन्याच्या तारेने भरलेली एक चौकट असते आणि तीत 'अमल-ए-असदुल्लाह इस्फहानी' अशी अक्षरे असतात. अमल म्हणजे काम, कृती. शेजारी कधी दुसरी चौकट असते : 'बंदा-ए-शाह-ए-विलायत अब्बास'. इथे शाह-ए-विलायत म्हणजे हजरत अली आणि त्यांचा बंदा म्हणवून घेणारा तो इराणचा शाह अब्बास, ज्याची कारकीर्द इ. स. १५८८ ते १६२९. असदुल्लाह हा त्याच्या काळातला नामांकित कारागीर, अशी परंपरा आहे. अडचण अशी, की जगभरच्या संग्रहांत याच नावाची जी पाती आहेत त्यांच्यावरचे हिजरी सन दोनशे वर्षांहून अधिक काळात पसरलेले आहेत. ११३५ हिजरी म्हणजे इ. स. १७२२-२३. शाह अब्बास जाऊन तेव्हा त्र्याण्णव-चौऱ्याण्णव वर्षे झाली होती. एक लोहार इतका जगत नाही. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, की हे नाव पुढे एका घराण्याचे किंवा दर्जाचे चिन्ह बनले. आणि बाकी नक्कल, ती तर हिंदुस्थानात आणि इराणात दोन्हीकडे झाली. थोडक्यात, नाव दिसले म्हणून पाते त्याचे होत नाही. बाजारात मात्र नावालाच भाव असतो.

नक्कल ओळखायला आमच्या कामाला आली ती पहिलीच्या वर्गातली गोष्ट. उर्दूत काही अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जातात, काही जोडली जात नाहीत. अलिफ, दाल, रे, वाव ही न जोडणारी. मूल पहिल्या सहा महिन्यांत हे शिकते. ज्याने अक्षर न शिकता केवळ चित्र म्हणून उतरवले त्याच्या हातून नेमके इथेच घोटाळे होतात : 'असद'मधली दाल पुढच्या अक्षराला चिकटते, 'अल्लाह'मधल्या दोन लामांचा एक होतो, इस्फहानीच्या नूनचा नुक्ता भलत्याच घरात जाऊन बसतो. आता एक खबरदारी सांगितली पाहिजे. जुने कारागीरही सगळे लिहिते-वाचते नव्हते. तेव्हा अशुद्ध लेखनावरून पाते नवे ठरत नाही. सही उसनी आहे, एवढेच ठरते. पाते नवे की जुने ते लोखंड सांगते. भिंगाखाली पाहावे. जुन्या खोदकामाच्या खाचेत तळापर्यंत काळसरपणा मुरलेला असतो. नवी खाच गंजाच्या थराला चिरून जाते आणि तिच्या तळाशी लोखंड चकाकते.

काही पात्यांवर नावाऐवजी एका छोट्या चौकोनात चार आकडे असतात, २, ४, ६, ८. लोक घाबरून विचारतात, ही करणी तर नव्हे? अबजदच्या हिशेबात बे म्हणजे २, दाल ४, वाव ६ आणि हे म्हणजे ८. चारी मिळून 'बदूह' होते. तो पुष्कळ मुलखांत चाललेला रक्षणाचा तोडगा आहे. पाठवलेली वस्तू सुखरूप पोचावी म्हणून पत्रांवरही तो लिहीत.

जौहर हा दुसरा मोठा विषय. चांगल्या फौलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसते तिला जौहर म्हणतात. हे फौलाद दख्खन आणि दक्षिणेतल्या मुशींतून निघे, इराणपर्यंत जाई, आणि एकोणिसाव्या शतकात ती विद्या बुडाली. ही नक्षी वरून काढलेली नसते. ती लोखंडाच्या घडणीतच असते. म्हणून खरे पाते सराणीवर घासून गुळगुळीत केले तर लहरी जातात, आणि हिराकशीचे पाणी फिरवले की पुन्हा वर येतात. तेजाबाने वरवर रंगवलेली नक्षी एकदा गेली की गेली. आजकाल दोन प्रकारचे लोखंड थरावर थर ठेवून, पिळून बनवलेली पातीही 'दमास्कस' म्हणून विकली जातात. त्यांत कारागिरी आहे, ती फसवणूक नाही. पण त्यांची लहर बहुधा ठराविक अंतराने येते. जुन्या जौहरात असा हिशेबीपणा कमी.

आता मुठीकडे येऊ. सगळा खेळ इथे आहे. आपल्याकडच्या तलवारीची मूठ पोकळ असते. पात्याचा मागचा निमुळता दांडा तीत घालून आत वितळलेली लाख किंवा राळ ओततात. थंड झाली की घट्ट. मूठ पुन्हा गरम केली की पाते हातात येते. इतके सोपे! त्यामुळे ज्याने तलवार चालवली त्याने मूठ बदलली, असेच धरून चालावे. आमच्या ओळखीचे एक वयस्क शिकलगार चाचा म्हणतात, "मास्तर, मूठ म्हणजे पायताण. झिजलं की नवं. पाय तोच ऱ्हातोय." शिकलगार हा शब्दच अरबी 'सैकल'वरून आलेला, म्हणजे घासून लखलखीत करणे. या आडनावाची मुसलमान घरे कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात आजही आहेत. किती पाती त्यांच्या पूर्वजांच्या हाताखालून गेली असतील याची नोंद कोणत्या दप्तरात असणार?

तेव्हा बदललेला भाग म्हणजे खोट, ही समजूत चुकीची. पाहायचे ते हे, की बदल वापरासाठी झाला की विक्रीसाठी. वापरासाठी बदललेल्या मुठीच्या तोंडाशी पाते चपखल बसलेले असते, लाख जुनी होऊन आक्रसलेली, तडकलेली असते, म्यान पात्याच्या बाकाशी जुळते. विक्रीसाठी जुळवलेल्या जोडीत पात्याचे खांदे कानशीने कापलेले, फट चकचकीत डिंकाने बुजवलेली, दांड्याला विजेच्या जोडाची गाठ. खंजिराची मूठ यशबाची आहे असे सांगतात तेव्हा एखाद्या कोपऱ्यात पोलादी सुई ओढून पाहावी. खऱ्या यशबावर तिचा ओरखडा उठत नाही, मऊ हिरव्या दगडावर उठतो. हस्तिदंत म्हणून दाखवलेल्या मुठीवर बारीक काळे ठिपके दिसले तर ते हाड समजावे. मूठ खरीच हस्तिदंती निघाली तर आणखी पंचाईत, कारण त्याच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

एकाच हत्यारात दोन मुलखांचे भाग असणे हा तर मराठी शस्त्रांचा स्थायीभाव आहे. फिरंग म्हणजे युरोपी पात्याला आपल्याकडची मूठ. जर्मनीतल्या सोलिंगेनची आणि इटलीतली पाती बंदरांतून येत. गंमत अशी, की नकलेचा धंदा तिकडेही जोरात होता. पासाऊ गावचे पळत्या लांडग्याचे चिन्ह सोलिंगेनचे लोहार सर्रास उठवत, आणि आंद्रेया फेरारा या इटालियन कारागिराचे नाव परक्यांनी इतक्या पात्यांवर घातले की ते त्यांचे असदुल्लाहच झाले. पट्ट्याला आणि कट्यारीलाही असेच पाते चाले. मोडलेल्या फिरंगेचा तुकडा कापून रिबिटांनी कट्यारीला जडवत. अशा कट्यारीत रिबिटे पाहून 'दुरुस्त केलेली आहे' म्हणून नाक मुरडणारा खरेदीदार अस्सल वस्तू गमावतो.

याच कारणाने आपल्याकडचे भवानी तलवारीचे वाद सुटत नाहीत. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला, तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी हे वयाने लहान होते. त्यांच्याकडून एक जुनी तलवार त्याला नजर झाली. ती आज इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. तिच्या युरोपी पात्यावर येशूच्या नावाची 'आय एच एस' ही अक्षरे तीनदा उमटवलेली आहेत. १९८० मध्ये मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी भवानी तलवार परत आणण्याची घोषणा केली, तेव्हा भवानी नेमकी कोणती, सातारची की लंडनची, यावर रान उठले. कोल्हापूरचे अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी लंडनची ती 'जगदंबा' असे मांडले. एका कोकणी मुसलमान मुख्यमंत्र्याने शिवाजी महाराजांच्या तलवारीसाठी उठाव करावा, हे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना आणली. तीही फिरंगच, पाते युरोपी, पाठीवर देवनागरीत सोन्याने रघुजींचे नाव.

साताऱ्यात २०२४ मध्ये आलेल्या वाघनखांची कथा निराळी. तिथे धातूपेक्षा पेटी बोलते. ग्रँट डफला, तो साताऱ्यास रेसिडेंट असताना, पेशव्यांच्या प्रधानमंत्र्याने ही शिवाजीची वाघनखे दिली, अशा आशयाचा मजकूर त्या पेटीवर आहे आणि मारलेल्या सरदाराला तिथे मोगल सेनापती म्हटले आहे. अफझलखान आदिलशाहीचा होता, मोगलांचा नव्हे. खुद्द लंडनचे संग्रहालयही म्हणते, की ही तीच वाघनखे असल्याची खात्री देता येत नाही. पेटीवरचा लेख हा पेटी बनवणाऱ्याच्या माहितीचा पुरावा असतो, आतल्या वस्तूचा नव्हे, एवढे इतिहासाच्या विद्यार्थ्याला कळायला हरकत नसावी.

खरी हत्यारे कमी का उरली, हेही पाहायला हवे. १८५७ च्या जुलैअखेर कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीचा उठाव झाला. त्याच साली दक्षिण मराठा मुलखात हत्यारे जमा करण्याचा हुकूम निघाला आणि मुधोळ संस्थानातल्या हलगलीचे बेरड त्यावरून लढून मेले. तंजावरच्या मराठ्यांचा शस्त्रसाठा १८६० च्या दशकात निवडक नग काढून घेऊन मोडीत निघाला. उरलेल्यांत भर पडली ती आमच्याच शहरात. बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' १९२३ चा, भालजींचा 'छत्रपती शिवाजी' १९५२ चा. अशा चित्रपटांसाठी घडवलेले जे काही उरले असेल, ते आता स्वतःच सत्तर ते शंभर वर्षांचे आहे. त्यावरचा गंज अस्सल, हत्यार मात्र सोंगाचे!

दोन वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातला एक तरुण खंजीर घेऊन आला. लोखंडात जौहर स्वच्छ, मूठ नवी पितळी, आणि पात्यावर असदुल्लाहचे नाव, नुक्त्यासह चुकलेले. त्याला नावाशी देणेघेणे नव्हते. गावात कोणी तरी म्हटले होते, फारसी अक्षरे म्हणजे हे शत्रूचे, लुटीतले हत्यार; देवघरात ठेवू नका. त्याच्या आजीला त्याने झोप लागेना. आम्ही त्याला सांगितले, की 'खंजीर' हा शब्दच अरबी-फारसीतून आला, 'म्यान' फारसी, 'पेशकब्ज' फारसी; शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला त्यात शस्त्रांच्या शब्दांचा स्वतंत्र वर्ग घालावा लागला, इतकी ही भाषा मराठी शस्त्रागारात रुळलेली होती. फारसी नाव हे मालकाचे नाव नसते. ते कारखान्याच्या छापासारखे असते. आणि हे तर नंतर कोणी चिकटवलेले. पाते मात्र त्याच्या घराण्याइतके जुने असू शकेल.

त्याने विचारले, "मग नाव घासून टाकू?" आम्ही नको म्हटले. खोटी सहीसुद्धा आता त्या पात्याच्या प्रवासाचा भाग आहे, आणि सराणीवर चढवले तर जौहरही जाईल. शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी विकता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला ते आठवण करून दे, हेही सांगितले. शिकलगार चाचांनी मूठ गरम करून पाहिली. आत लाख नव्हती, डिंक होता. त्यांनी तो खरवडून काढला, लाख भरली, पितळी मूठ तीच ठेवली, पात्याला गोडे तेल लावले आणि पैसे घेतले नाहीत.