काळूचं इंजेक्शन आणि १८३२ चा दंगा

आज शनिवार. काळूला चौथं आणि शेवटचं इंजेक्शन झालं. काळू म्हणजे आमच्या गल्लीतला कुत्रा. कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा. दीड महिन्यापूर्वी पार्किंगमध्ये रक्ताचे थेंब दिसायला लागले. दोन दिवस सगळे एकमेकांच्या गाड्यांखाली वाकून बघत होते. शेवटी वॉचमनचाचांनी शोध लावला, "साब, ये तो अपना कालू है."

बिस्किटाचा पुडा, जुनी चादर आणि तिसऱ्या नकारानंतर भेटलेला एक भला टॅक्सीवाला, एवढ्या भांडवलावर आम्ही परळ गाठलं. तिथला जनावरांचा मोठा दवाखाना, ज्याला जुने मुंबईकर अजूनही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. डॉक्टरांनी हातमोजे घालून तपासलं आणि म्हणाले, "टीव्हीटी." हा कुत्र्यांचा कॅन्सर, आणि तो चक्क संसर्गाने पसरतो. समागमाच्या वेळी कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. जगभरच्या टीव्हीटीचं मूळ हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यात आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर जगातलं सगळ्यात जुनं कॉपी-पेस्ट! औषधही गंमतीदार. व्हिनक्रिस्टीन मिळतं सदाफुलीपासून. आठवड्याला एक इंजेक्शन दिलं की बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात. काळूही झाला. त्याच मुक्कामात नसबंदी झाली, रेबीजची लसही टोचली.

इथवर सगळं ठीक होतं. पण गेल्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. "बरा केलास, छान केलंस. आता त्याला परत आणू नकोस. लांब कुठंतरी सोडून ये."

मला राग आला. घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा कळलं की काकांचं वाक्य जवळजवळ दोनशे वर्षं जुनं आहे.

१८३२ चा जून महिना. मुंबईत मोकाट कुत्री मारायचा हुकूम होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आता इन्सेंटिव्ह चुकीचा लावला की काय होतं, हे आपल्यापैकी ज्यांनी अप्रेझल बघितलंय त्यांना सांगायला नको. शिपाई लोकांची पाळलेली कुत्रीही ओढून न्यायला लागले, घरात शिरायला लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान. माणूस गेल्यावर प्रेताला कुत्र्याची नजर दाखवायचा 'सगदीद' हा विधी आहे. त्यात तो दिवसही त्यांचा सणाचा. ६ जूनला मारामारी झाली आणि दुसऱ्या दिवशी अख्खा बाजार बंद! पारश्यांबरोबर जैन, हिंदू, इस्माइलीही उतरले. कुलाब्याच्या पलटणीची रसद अडवली गेली. शेवटी सैन्य आलं, धरपकड झाली. मग जमशेटजी जिजीभॉयांसारख्या शेठलोकांनी मध्यस्थी केली आणि हुकूम बदलला. काय बदलला? तर कुत्री मारू नका, शहराबाहेर नेऊन सोडा.

म्हणजे काकांचाच ठराव :)

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. त्यामागेही जमशेटजी होते. १८८० च्या दशकात दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळचा दवाखाना झाला आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. म्हणजे ज्या टेबलावर काळू झोपला होता, त्याच्यामागे एवढी वंशावळ आहे. पण रस्त्यावरच्या कुत्र्यांचं नशीब काही बदललं नाही. पालिका पुढेही विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत कुत्री मारतच राहिली. मारून झाली की उकिरडा तिथंच, त्यामुळे रिकाम्या जागेत नवी कुत्री हजर. 'नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथंच परत सोडा' हा नियम देशभर आला तो २००१ मध्ये. यातला शेवटचा तुकडा भूतदयेपोटी आलाय असं वाटतं खरं, पण त्यात हिशोब आहे. लस घेतलेला कुत्रा आपली गल्ली राखतो, नव्या कुत्र्यांना सहज शिरू देत नाही. आणि साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते.

तरी वाद संपलेला नाही. ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातली कुत्री उचला आणि परत सोडू नका म्हटलं. २२ ऑगस्टला ते बदललं, रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडून बाकीची परत सोडा. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, स्टेशनांच्या आवारातून हटवलेली कुत्री तिथं परत सोडू नका असा आदेश आला.

हे सगळं वाचून बुधवारी काकांकडे गेलो, थोडा भांडायच्याच तयारीत. त्यांनी चहा दिला आणि शर्टावरून पोटाला हात लावून म्हणाले, "इथं चौदा घेतलीत मी. सात वर्षांचा होतो."

गप्पच बसलो. पाश्चरने १८८५ मध्ये पहिल्यांदा माणसाला लस दिली, त्याआधी पिसाळलेला कुत्रा चावणं म्हणजे सरळ मरण. १८३२ च्या साहेबाची भीती खोटी नव्हती. आणि काकांनी घेतलेली ती पोटातली इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या लसीची. ती आपल्याकडे आत्ता आत्ता, २००५ च्या सुमाराला बंद झाली. मी मीटिंगमध्ये काकांना निर्दयी ठरवून मोकळा झालो होतो. ते फक्त घाबरलेले होते.

मग त्यांना लसीचा कागद दाखवला. चष्मा लावून तारखेसकट वाचला. म्हणाले, "दरवर्षी देणार?" मी हो म्हटलं. "कोण? तू पुण्याला बदलून गेलास तर?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता आहे. नोटीस बोर्डावर कागद लावलाय, पुढच्या तारखेसकट. खाली चार नावं आहेत. माझं, वॉचमनचाचांचं, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन कॉलेजच्या मुलींचं. पाचवी ओळ रिकामी ठेवलीय. काका रोज तिथं थांबून वाचतात, एवढं मात्र वॉचमनचाचांनी सांगितलं.

असो. उद्या सकाळी काळूला आणायला जायचंय. टॅक्सीवाल्याचा नंबर ठेवलाय.