धातुसाधित नामापूर्वीचे सर्वनाम : एका इंग्रजी नियमाचा इतिहास

इंग्रजी व्याकरण शिकणाऱ्या विद्यार्थ्यास एक नियम हटकून पाठ करावा लागतो. ‘इंग’ प्रत्ययान्त धातुसाधित नामापूर्वी, म्हणजेच जेरंडापूर्वी, कर्तृवाचक सर्वनाम आल्यास ते षष्ठीत असावे. ‘आय डिस्लाइक हिज गोइंग’ शुद्ध, ‘आय डिस्लाइक हिम गोइंग’ अशुद्ध. हा नियम भाषेच्या प्रकृतीतून आला की व्याकरणकारांच्या तर्कातून, याचा निर्णय इतिहासाच्या आधारे करणे इष्ट होय.

प्राचीन इंग्रजीत भाववाचक नामाचा प्रत्यय ‘उंग’ अथवा ‘इंग’ असा होता. वर्तमानकालवाचक धातुसाधित विशेषणाचा ‘एंडे’. दोहोंत संभ्रमास जागा नव्हती. मध्ययुगीन इंग्रजीत ‘एंडे’ लोपला व त्याचेही कार्य ‘इंग’कडे आले. पुढे हे नाम क्रियापदाप्रमाणे कर्मही घेऊ लागले. नाम या नात्याने त्यास षष्ठीची अपेक्षा, क्रियापद या नात्याने कर्त्याची. वादाचे बीज या द्विविध स्वरूपात आहे.

‘जेरंड’ ही संज्ञा लॅटिन व्याकरणातली. परंतु लॅटिन जेरंडास प्रथमा विभक्ती नाही. इंग्रजीतील रूप मात्र वाक्याचा कर्ता सहज होते. नाव उसने आणले, तरी वस्तू तीच नव्हे.

रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या आपल्या व्याकरणात या रूपांची शिस्त लावण्याचा यत्न केला. ‘द रीडिंग ऑफ बुक्स’ म्हणावे अथवा ‘रीडिंग बुक्स’. ‘द’ व ‘ऑफ’ यांपैकी एकच ठेवू नये, असा त्यांचा दंडक. लिंडली मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणाने असे दंडक शाळाशाळांतून पोचविले. सर्वनामाच्या प्रश्नास मात्र खरी धार आली ती विसाव्या शतकात. फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये षष्ठीविरहित रचनेस ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ हे नाव दिले व ती त्याज्य ठरविली. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९२६ मध्ये त्यास उत्तर दिले : ही रचना इतिहाससिद्ध असून मान्यवर लेखकांच्या गद्यात आढळते. शिवाय ‘धिस’, ‘दॅट’ यांसारख्या सर्वनामांना षष्ठीचे रूपच नसल्यामुळे नियमाचे सार्वत्रिक पालन अशक्य ठरते. हडल्स्टन व पुलम यांच्या २००२ च्या व्याकरणाने तर जेरंड व पार्टिसिपल हा रूपभेदच सोडून ‘जेरंड-पार्टिसिपल’ हा एकच वर्ग मानला.

मराठी भाषकास हे द्वैत अपरिचित नाही. ‘त्याचे असे बोलणे मला आवडले नाही’ आणि ‘त्याने असे बोलणे मला आवडले नाही’ ही दोन्ही वाक्ये रूढ आहेत. षष्ठीने बोलण्याच्या रीतीचाही बोध होऊ शकतो. तृतीयेने ती क्रिया घडल्याचा. यांपैकी एकास कोणी अशुद्ध म्हणत नाही.

तात्पर्य, औपचारिक गद्यात, विशेषतः वाक्यारंभी, षष्ठी अधिक शोभते हे विद्यार्थ्यास अवश्य सांगावे. परंतु जो भेद शैलीचा आहे, त्यास अशुद्धतेचा शिक्का मारून उत्तरपत्रिकेतील गुण कापणे म्हणजे एका व्याकरणपक्षाचे मत भाषेच्या माथी मारणे होय.