‘तृतीय रत्न’ नाटकांतील विदूषक

जोतीराव फुले यांनीं इ. स. १८५५ मध्यें ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें. कमिटीनें तें नाकारलें, हें त्यांनींच पुढें ‘गुलामगिरी’त (१८७३) नमूद केलें आहे. तें छापून निघालें १९७९ सालीं. मध्यंतरीं १२४ वर्षें गेलीं. आम्ही संग्राहक मंडळी एखादें प्रहसनाचें बाड हातीं आलें म्हणजे बाजूस ठेवतों आणि महजर, करीने, शकावल्या यांकडे वळतों. परंतु कुणब्याच्या घरांतून पैसा कोणत्या वाटेनें बाहेर जात असे, हें या नाटकांत जसें दिसतें तसें हिशेबाच्या वहींतही क्वचितच दिसेल.

कथानक लहान आहे. कुणब्याची बायको गरोदर असतां जोशी दारीं येतो आणि गर्भास ग्रहांची पीडा आहे असें सांगतो. उपाय काय, तर ब्राह्मणभोजन! अर्धपोटीं राहणाऱ्या घरांत मूल जगावें म्हणून दुसऱ्यांनीं पोटभर जेवावयाचें, आणि त्यासाठीं कुणब्यानें कर्ज काढावयाचें. हा तर्क नाटककारानें फुगविलेला नाहीं. व्यवहारांत होता तसाच उचलून रंगभूमीवर ठेवला आहे.

खरी मौज विदूषकाची आहे. संस्कृत नाटकांतील विदूषक जातीनें ब्राह्मण, भाषा प्राकृत, लक्ष मोदकांवर आणि जागा नायकाच्या शेजारीं. शाकुंतलांतील माढव्य किंवा मृच्छकटिकांतील मैत्रेय आठवावा. विष्णुदास भावे यांनीं १८४३ मध्यें सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें. त्यांच्या खेळांत विदूषक आरंभीं सूत्रधाराशीं थट्टा करावयास येई. जोतीरावांनीं त्यास तेथून उचलून कुणब्याच्या अंगणांत उभें केलें. तो जोशाचें बोलणें ऐकतो व प्रेक्षकांकडे वळून त्यांतील पोल उघडी करितो. त्याचा खादाडपणा मात्र जोशाकडे गेला आहे! ही अदलाबदल अजाणतां झाली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पुढें पाद्री येऊन उपदेश करूं लागतो तेथें रस आटतो, हेंही सांगितलें पाहिजे. अखेरीस नवराबायको शाळेंत जाण्याचें ठरवितात.

ठाणेकरांचें या परंपरेशीं जवळचें नातें आहे. नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांचा जन्म ठाण्याचा. १८८० पासून त्यांनीं ‘दीनबंधु’ पत्र मुंबईहून चालविलें. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचीं पहिलीं दोन प्रकरणें त्या पत्रांत आलीं, पुढचीं आलीं नाहींत. आणि त्याबद्दल जोतीरावांनीं स्वपक्षाच्या पत्रकर्त्यासही सोडलें नाहीं.